अंगातलं लोखंड

मिरची कुटायच्या डंकावर कुणी खोकलं, तर 'बरं नाही का' असं कुणी विचारत नाही. जो खोकत नाही तो काम चुकवतो, असा रत्नमालाबाईंचा साधा हिशेब होता. हिरण्यकेशीच्या काठच्या त्या गावात त्यांचा कांडपाचा डंक सासऱ्यांच्या वेळेपासून धडधडत होता. सन २०४३ उजाडलं तेव्हा त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या होत्या. मुसळं तापली की यंत्र आपोआप थांबे. चटणीच्या पिशवीवर मिरचीच्या रानाचा नकाशा छापून येई. पण संकेश्वरी मिरची कुटायला घेतली की ती नाकातोंडात जायची ती जायचीच. त्यावर कुठल्या शास्त्रज्ञानं अजून काही शोधून काढलं नव्हतं.

अशा घरात ईश्वरी सून म्हणून आली. उंच, अबोल आणि कामाला वाघ. रत्नमालाबाईंचा मुलगा रणजित दूध संघाच्या शीतगृहात पाळीवर जाई, त्यामुळं डंकावर दिवसभर सासू-सून आणि धाकटी लेक पूर्वा. ईश्वरीची तक्रार म्हणून कधी नव्हती. पण पोरगी पांढरीफटक होती. माळ्यावरून मिरचीचं पोतं उतरवलं की उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. एकदा रत्नमालाबाईंनी तिला कोपऱ्यात पाटीवरची पेन्सिल कुरतडताना धरलं. शाळेतनं पाट्या जाऊन जमाना झाला, तरी किराणा दुकानात पेन्सिलींचे डबे कुणाच्या जिवावर खपतात, हे दुकानदाराला बरोबर माहीत असतं.

"तोंड उघड," रत्नमालाबाई म्हणाल्या. ईश्वरीनं उघडलं. जीभ राखाडी झाली होती.

"आत्ती, चुकलं."

"चुकलं काय त्यात? अंगात लोखंड कमी असलं की माती खावीशी वाटती. माझी सुरेखा बी खायची."

सुरेखा म्हणजे त्यांची पाठची बहीण. पहिल्या बाळंतपणात ती गेली, आणि 'अंगात रक्तच नव्हतं' एवढं एक वाक्य बोलून सगळे मोकळे झाले. का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. रत्नमालाबाईंना ते वाक्य आयुष्यभर सलत राहिलं. आपल्या घरात पुन्हा हे होऊ द्यायचं नाही, ही त्यांनी मनाशी बांधलेली गाठ होती. तेव्हापासून हळिवाचे लाडू, कलेजी, मटणाचा अळणी रस्सा, लोखंडी कढईतली मेथी, सगळं ईश्वरीच्या ताटात आधी पडू लागलं. सुनेला आपल्याआधी जेवायला वाढणारी सासू म्हणून गल्लीत त्यांची चेष्टाही झाली. पण रक्ताचा आकडा साडेसातावरून हलेना. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तहसीन मुल्लांनी बजावून सांगितलं, की अकराच्या वर गेल्याशिवाय मुलाचा विचारही करायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात केंद्रात 'लोहशोध' आलं.

मुल्ला मॅडमनी बायकांना जमवून ते समजावलं. त्या म्हणाल्या, "डब्यात पीठ नाही, एवढ्यावरून काय कळतं? घरात धान्यच आलं नसेल. डब्याला भोक असेल, म्हणजे पाळीत फार जातं, किंवा आतड्यातनं थेंब थेंब गळतं. नाहीतर कोठी भरलेली आहे, पण मोठ्या बाईनं कुलूप लावून किल्ली कमरेला खोचलीय. आम्ही आजवर काय केलं? सगळ्यांना एकच गोळी. म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला."

बायका हसल्या. कुलूप लावणाऱ्या बाईचं सगळ्यांनाच पटलं.

त्या बाईचं नाव हेप्सिडिन. यकृत हे संप्रेरक रक्तात सोडतं. ते वाढलं की आतड्यातून लोह आत येण्याची दारं बंद होतात, साठ्यातलंही बाहेर पडत नाही. शरीर हे वेडेपणानं करत नाही. घरात चोर शिरलाय अशी शंका आली की ते करतं, कारण रोगजंतूला वाढायलाही लोहच लागतं. त्याला उपाशी ठेवायचं तर आपणही थोडं उपाशी राहायचं, असा तो जुना व्यवहार आहे. पण कधी कधी चोर नसतोच. धूळ, धूर, जुनी सूज, एवढ्यावरही यकृत घाबरतं आणि कुलूप लावून बसतं. लोहशोध रक्त, नख आणि श्वास तपासून सांगे, की डबा रिकामा आहे, फुटका आहे, की कुलूपबंद. कुलूपबंद असेल तर दंडाच्या कातडीखाली एक बारीक काडी बसवत. ती सहा महिने हेप्सिडिनला गप्प ठेवी, आणि वरून शिरेतनं लोहाची बाटली देत. मात्र कुलूप चोराच्या भीतीनं लागलंय की धुळीच्या, हे नुसत्या रक्तावरून नक्की कळत नसे. ते माणसाला विचारावं लागे. म्हणून मशीन प्रश्न विचारी, बाईच्या आवाजात. गावात तिला 'लोखंडी बाई' म्हणत.

ईश्वरीचा नंबर आला तेव्हा रत्नमालाबाई बरोबर गेल्या. पोरीचे हात गार पडले होते.

"भिऊ नको. मी बसतो की तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या.

"पुरुष नातेवाइकांनी कृपया बाहेर थांबावं," लोखंडी बाई म्हणाली.

केंद्रातल्या दीपाली सिस्टरला हसू आवरेना. "अगं, बाई हाय ती! आमच्याकडं बायका असंच बोलत्यात!"

"महिला नातेवाईक थांबू शकतात," मशीननं मान्य केलं. हा नियम ज्यानं कुणी केला, त्याला बायका फक्त पुरुषांनाच लाजतात असं वाटत असावं.

प्रश्न सुरू झाले. पाळीत किती दिवस जातं, शौचातून रक्त पडतं का, जेवल्यावर लगेच चहा घेता का. ईश्वरीचे कान लाल झाले होते, म्हणून बरीचशी उत्तरं रत्नमालाबाईंनीच दिली. सून तपासायला आली की सासूनं बोलायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"खोकला किती दिवसांपासून आहे?"

"आमचा मिरचीचा डंक हाय बाई," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ह्यो खोकला न्हवं. मिरची हाय ती."

मशीन म्हणालं, "शरीरात सौम्य दाह दिसतो. तिखटाच्या धुळीमुळं तो असू शकतो. माहेरी किंवा सासरी कुणाला क्षय झाला होता का? तुम्ही अशा व्यक्तीसोबत राहिला आहात का?"

"आमच्यात न्हाई कुणाला. हिच्या माहेरी बी न्हाई. हिचं वडील लिव्हरनं गेलं."

"ईश्वरी, हे उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं आहे."

ईश्वरी काही बोलेना. पोरगी घाबरली, असं रत्नमालाबाईंना वाटलं. त्यांनी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई," ईश्वरी म्हणाली.

लोखंडी बाईनं निकाल दिला. डबा थोडा फुटका, पण मुख्य कारण कुलूप. कुलपाचं कारण धूळ. धुळीपासून दूर राहावं. काडी बसवायला हरकत नाही.

त्या दिवसापासून रत्नमालाबाईंनी सुनेला डंकाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तिला पुढं गिऱ्हाइकाकडं बसवलं.

आणि पोरगी फुलली. दुसरा शब्द नाही. आकडा आठ झाला, नऊ झाला, साडेअकरावर गेला. ओठांना रंग आला, नखं गुलाबी झाली, पेन्सिलीचं नाव राहिलं नाही. ही पोरगी गाते, हे घराला दीड वर्षानं कळलं. पूर्वाबरोबर ती सामानगड किल्ला चढून आली आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागली. गल्लीतल्या बायका डंकावर येऊन विचारत, "रत्नाक्का, काय चारलंस गं सुनंला?" आणि रत्नमालाबाई तोऱ्यात सांगत, "कुलूप काढलं!"

आश्विनात ईश्वरीला दिवस गेले. रत्नमालाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि मग एकट्याच परड्यात जाऊन सुरेखाच्या नावानं रडल्या. ते सुखाचं रडणं होतं.

खोकला मात्र गेला नाही. डंक सुटून चार महिने झाले, तरी तो होताच. "छातीत बसल्याली मिरची अशी लगेच निघती व्हय?" रत्नमालाबाई म्हणाल्या. पुढं संध्याकाळी अंग तापू लागलं. पोटुशी बाई तापतेच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग डोकं दुखू लागलं, असं की ईश्वरी भिंतीला कपाळ टेकून उभी राही. एका सकाळी तिनं रणजितला ओळखलं नाही.

तिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मुल्ला मॅडम स्वतः गाडीत बसून आल्या. तिथल्या तपासण्या झाल्या आणि त्यांनी रत्नमालाबाईंना बाजूला बाकावर बसवलं.

"क्षय आहे, काकू. जुना. लहानपणीच शिरलेला असणार आणि दबून बसलेला. आता सगळीकडं पसरलाय, मेंदूच्या आवरणातही."

"आत्ताच कसा उठला?"

मॅडमनी तपासणीचे कागद मिटले. "चोर आत होताच. यकृतानं ओळखलं होतं, म्हणून कुलूप लावलं होतं. ते आपण तोडलं आणि वर पोती आणून ओतली."

"मग ती काडी काढा की!"

"काढली. दार पुन्हा लागेल. पण आत गेलेलं लोह तसं उपसून काढता येत नाही."

ती गुलाबी नखं, ते लाल ओठ. घरातल्या सगळ्यांनी ज्याची दृष्ट काढली होती, त्यावर आत दुसरंच कुणी पोसलं जात होतं.  रत्नमालाबाई बाकावरच वाकून बसल्या.

दुपारी ईश्वरीची आई आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं मुल्ला मॅडमचे पाय धरले. "हिच्या बापाला टीबी हुता," ती म्हणाली. "लिव्हर न्हाई. टीबीनंच गेलं ते. औषध मधीच सोडलं हुतं त्येनी. पोरीचं लगीन हुईना झालं असतं बाई, म्हणून न्हाई सांगितलं कुणाला."

मधेच सोडलेलं औषध, म्हणजे निगरगट्ट झालेला जंतू. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देणार नव्हता. मशीनपुढं कुणी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर पुढची तपासणी झाली असती, आधी चोर धरला असता आणि मगच कुलपाला हात लावला असता. एका शब्दाचं काम होतं. विहिणीची मान धरावी असं रत्नमालाबाईंना वाटलं. पण ती बाई फरशीवर बसून कपाळ बडवून घेत होती, आणि तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार त्यांनी घाईघाईनं बाजूला सारला.

आधी पोटातलं मूल गेलं. मग नव्या औषधांनी आठवडाभर ईश्वरी थोडी सावरली. एका दुपारी ती पूर्ण शुद्धीवर होती. रत्नमालाबाई तोंडाला पट्टी बांधून खाटेजवळ बसल्या होत्या. विचारू नये हे कळत होतं, तरी त्यांना राहवलं नाही.

"मला का सांगितलं न्हाईस गं? मी काय तुला घालवून दिली असती?"

"न्हाई आत्ती. तुमी तसल्या न्हाई. मला ठावं हुतं."

"मग?"

ईश्वरीनं डोळे मिटले. ती झोपली असं वाटत होतं, तेवढ्यात ती बोलली. "मशीनला सांगणारच हुतो मी. घरातनं ठरवूनच निघालो हुतो. म्हटलं, ती काय माणूस न्हवं, तिला सांगाया लाज कसली. पण तुमी शेजारी बसला."

"तू भिऊ नयेस म्हणून बसलो गं मी."

"व्हय. पाठीवर हात ठेवलासा तुमी. लग्न झाल्यापासनं कुणी असा हात ठेवला नव्हता. म्हटलं, आत्ता 'व्हय' म्हटलं तर ह्यो हात निघंल."

  मायेनंच केलं होतं सगळं, आणि मायेनंच घात झाला होता, आता दोष द्यायचा तर कुणाला? रत्नमालाबाईंनी तिचा हात हातात घेतला. हात तापला होता आणि नखं अजून गुलाबी होती. त्या नखांकडं त्यांना बघवेना.

चार दिवसांनी ईश्वरी गेली.

मुल्ला मॅडमनी वर कळवलं, चौकशी झाली, आणि केंद्रात नवा नियम आला. प्रश्नांच्या वेळी आत कुणीच थांबायचं नाही, बाईमाणूसही नाही. डंकावरच्या सगळ्यांची तपासणी झाली. रणजित आणि रत्नमालाबाई सुटले. पूर्वाच्या रक्तात मात्र जंतू शिरल्याची खूण मिळाली. आजार नव्हता, नुसती खूण. तिला सहा महिने रोज एक गोळी घ्यायची होती, म्हणजे तो आतच मरणार होता.

"घाबरायचं कारण नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त एकही दिवस चुकवायचा नाही." दोन महिन्यांनी गोळ्यांच्या नव्या पट्ट्या देताना त्या म्हणाल्या, "काकू, सोमवारी बायकांची सभा आहे. तुम्ही बोलाल? मी सांगून त्यांना पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर कुणीतरी तोंड उघडेल."

रत्नमालाबाईंनी मान डोलावली. मनापासून डोलावली. ईश्वरीसाठी आता दुसरं करण्यासारखं उरलंच काय होतं? डंक चालू असताना त्या मुसळांच्या आवाजात वाक्यं जुळवत बसत. माझ्या सुनेला क्षय होता. तिनं लपवलं, कारण मी शेजारी बसले होते. लपवू नका बायांनो. म्हणता म्हणता वाक्यं पाठ झाली होती.

सभेच्या आदल्या दिवशी, रविवारी, पूर्वाला बघायला आजऱ्याकडचे पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं. मुलगा शेतकी खात्यात, माणसं साधी. मुलाची आई तर आल्या आल्या चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "बाहेर पुरुषांत मला करमत न्हाई." तिनं पूर्वाला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला. पोरगी लाजून हसली. ईश्वरी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"एक इचारू का?" ती बाई हळू आवाजात म्हणाली. "राग मानू नका. सून एवढी तरणीताठी, कशानं गेली हो?"

बाहेर रणजितचं बोलणं थांबलं. पूर्वा खाली बघत होती. रत्नमालाबाईंच्या ओठांवर पाठ केलेलं वाक्य होतं, पहिला शब्द जिभेवर आलासुद्धा होता. समोरची बाई चांगली होती. कदाचित तिनं समजूनही घेतलं असतं. कदाचित.

"डेंगूनं," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"अरे देवा," ती बाई हळहळली. "डास मेलं कुणाला सोडत न्हाईत." तिनं रत्नमालाबाईंच्या हातावर हात ठेवला. तो हात खरोखरच मायेचा होता.

पाहुणे चहा घेऊन गेले. तासाभरात मुलाकडून होकार आला, आणि साखरपुडा न ताणता पुढच्याच महिन्यात लग्न उरकावं असंही ते म्हणाले. रणजितनं चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला. सोमवारच्या सभेला आता जाता येणार नव्हतं, हे रत्नमालाबाईंना कळलं होतं. मॅडमना काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. गुडघा दुखतोय.

त्या कपबशा विसळत होत्या. पूर्वा मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"आई, अजून चार महिनं घ्यायच्या हाईत ह्या. तिकडं गेल्यावर कुठं ठेवू?"

रत्नमालाबाई वळल्या नाहीत. नळाचं पाणी कपावरून वाहत राहिलं.

"समोरच ठेव. लपवू नको," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं, तर रक्त वाढायच्या हाईत म्हणून सांग. त्येला कुणी कारण इचारत न्हाई."